चौथऱ्याखालचं लोखंड

लीलाबाई दाभाडे फटाक्यांना भिते, हे पट्टीवर शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. नुसती भीत असती तर गोष्ट वेगळी. ती दुसऱ्यालाही वाजवू देत नसे. चौदा एप्रिलला पोरं लवंगी माळा घेऊन निळ्या झेंड्याकडं निघाली की ही बाई पदर खोचून आडवी यायची. "लांब जा, लांब! तिकडं पट्टीच्या टोकाला काय फोडायचं ते फोडा." साठी उलटली होती, अंगावर मांस म्हणावं असं काही नव्हतं, पण आवाज असा की डीजेवाला पेट्या उतरवायच्या आधी चार पावलं मागं सरकायचा. कारण विचारलं तर म्हणायची, बैलं बिचकतात. वस्तीवरचा शेवटचा बैल विकून पंधरा वर्षं झाली होती.

लोक हसायचे, आणि हसण्यासारखंच होतं म्हणा. म्हातारीच्या तऱ्हा काय एक होत्या? झेंड्याच्या चौथऱ्याजवळ चूल मांडायची नाही, शेकोटी करायची नाही, चौथऱ्यावर कुणी काही ठोकायचं नाही, शेळीसुद्धा बांधायची नाही. आणि उन्हाळ्यात रोज दुपारी, ऊन डोक्यावर आलं की, ती हंडाभर पाणी नेऊन चौथऱ्यावर ओतायची. टँकरचं पाणी, त्यातलं हंडाभर ही दगडांवर घालते म्हणून तिची सून विशाखा आतल्या आत कुरकुरायची. बाहेरून आलेला पाहुणा मात्र हात जोडायचा. काय निष्ठा आहे बाईची, म्हणायचा. निष्ठा होतीच, नाही कोण म्हणेल? पण पाणी निष्ठेचं नव्हतं. पाणी निव्वळ भीतीचं होतं.

पट्टी म्हणजे विमानाची धावपट्टी. पैठणच्या रस्त्यानं निघून बोरखडीकडं आत वळलं की बाभळीच्या रानातून एकदम दीड किलोमीटर सपाट काँक्रीट समोर येतं. मोठ्या लढाईच्या काळात लष्करानं हे मैदान केलं. शिकाऊ वैमानिक इथून उडायचे, माळावर बॉम्ब टाकायचा सराव करायचे आणि परत उतरायचे, असं जुनी माणसं सांगत. लढाई संपली, मग निजाम गेला, लष्करही गेलं. विमानं गेली ती गेलीच. सरकारच्या दप्तरात ते हवाई मैदान राहिलं आणि लोकांनी त्याचं खळं केलं. सुगीत बोरखडीची बाजरी तिथं मळली जाते, उन्हाळ्यात मिरच्या वाळतात. भरतीची पोरं पहाटे धावतात, नव्या मोटारी घेतलेली माणसं गाडी शिकतात, लग्न ठरलेली जोडपी फोटो काढून घेतात. ज्याचं कुणी नाही ते सगळ्यांचं, असा सरळ व्यवहार होता. सगळ्यांचं म्हणताना आपल्याला वगळलेलं असतं, हे मात्र मैदानाच्या दक्षिण कडेला राहणाऱ्यांना पक्कं माहीत होतं.

ही एकोणीस घरं बौद्धांची. बोरखडीत त्यांच्या बापजाद्यांच्या नावावर ढेकूळभर माती नव्हती. १९८० साली त्यांतली पहिली सात घरं मैदानावर आली, बाभळी तोडल्या, दगड वेचले आणि बाजरी पेरली. त्यांत सांडू दाभाडे होता आणि त्याची विशीतली बायको लीला होती. तिला तेव्हा चौथा महिना होता.

मैदानावर येणारे ते पहिलेच नव्हते. आदल्या वर्षी उत्तरेच्या टोकाला नऊ घरं बसली होती. तिथं कडुबा खरातच्या थोरल्या भावाला नांगरताना एक लोखंडी नळकांडं सापडलं. आत पितळ असेल म्हणून तो घरामागं बसून ते घणानं फोडायला लागला. आवाज पार बोरखडीत ऐकू गेला. भाऊ गेला, भावजय गेली. पण लोकांनी जास्त लक्षात ठेवलं ते त्यानंतरचं. पोलीस आले, लष्कराची गाडी आली, धोका आहे म्हणून नऊच्या नऊ घरं उठवली. अडीच महिन्यांनी माणसं परत आली तर झोपड्या सपाट आणि रानात दुसऱ्याच लोकांची कपाशी उभी! दाद कुणाकडं मागायची? मैदान सरकारचं, तुम्ही कोण? नऊ घरं शहराच्या वाटेला लागली. एकटा कडुबा तेवढा दक्षिणेकडच्या लोकांत येऊन राहिला.

तर अशा त्या ऐंशी सालात गावातली माणसं दोनदा येऊन दम भरून गेली होती. म्हणून वस्तीनं ठरवलं, रानाच्या तोंडाशी निळा झेंडा रोवायचा. झेंडा उभा राहिला की उठवायला येणाराही दहादा विचार करतो. आषाढातला बाजारचा दिवस होता. बाकीची माणसं बिडकीनला गेली होती आणि खड्डा खणायचं काम सांडूनं अंगावर घेतलं होतं. तीन हात खोल गेल्यावर कुदळ टण्‌कन वाजली. दगड तसा वाजत नाही.

सांडूनं हातानं माती सारली. गंजलेली पाठ दिसली, मोठ्या घागरीएवढी जाड, आणि एका अंगाला वाकलेले पत्र्याचे पंख.

"आवो, बाहेर या," लीला म्हणाली. "आधी बाहेर या."

तो बाहेर आला. दोघं खड्ड्याच्या काठावर बसून राहिली.

"पोलिसाला सांगू," ती म्हणाली.

"सांग की. मंग उद्या कुठं जायचं ते बी सांग."

"मंग झेंडा दुसरीकडं रोवा."

"आन् हितं? हितं उद्या कुणीतरी नांगर धरील. पोरं खेळतील." सांडूनं डोक्याचं फडकं सोडून तोंड पुसलं. "झेंडा हितंच रोवायचा. बाबासाहेबांच्या झेंड्याखाली खांदायची कुणाची छाती व्हणार नाय. गावातल्याची नाय आन् सरकारची बी नाय."

तर्क बिनचूक होता. त्या दिवशी तरी तसा वाटला. दोघांनी मुठीमुठीनं मुरूम टाकून ते लोखंड झाकलं, वर पट्टीचे फुटके काँक्रीटचे तुकडे रचून चौथरा केला आणि मधे लाकडी बल्ली उभी केली. संध्याकाळी माणसं बाजारातून आली तर झेंडा फडकत होता! लोकांनी सांडूला खांद्यावर घेतलं आणि चौथऱ्याभोवती नाचवलं. सगळ्यांचे पाय दणादण आपटत होते आणि लीला दाराच्या खांबाला धरून उभी होती.

तिथून पुढची पंचेचाळीस वर्षं तिनं ही भीती सांभाळली. दुसरं कुणी असतं तर सरावलं असतं. लीलाबाई काही सरावली नाही. वीज कडाडली की ती घरातली डोकी मोजायची. पाऊस उतरला की चौथऱ्याची एखादी फट रुंदावली का, ते बघून यायची. लोखंड तापलं की फुटत असेल, असं तिनं आपल्या मनानंच ठरवलं होतं आणि म्हणून तो रोजचा हंडा. अतुल सात वर्षांचा असताना चौथऱ्यावर दगडानं चिंचोके फोडत बसला होता. तिनं पळत जाऊन त्याला असा धोपटला की पोराचा कान तीन दिवस लाल होता. का मारलं, ते त्याला कळलं नाही. आई झेंड्याचा अपमान सहन करत नाही, एवढं तो शिकला आणि पुढं चारचौघांत अभिमानानं सांगायचा. ती ऐकायची, आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

सहा वर्षांपूर्वी सांडू वारला. शेवटी त्याची वाचा गेली होती, तरी तिच्याकडं बघून ओठांवर बोट ठेवून गेला. तोवर भीती दोघांत वाटलेली होती. आता सगळी तिच्या एकटीच्या वाट्याला आली.

यंदा मार्चमध्ये वस्तीला कागद आला. मैदानाच्या कडेच्या अतिक्रमणाची सोळा एप्रिलला मोजणी होणार. नव्वद सालाच्या आधीपासूनचा ताबा दिसला, तर जमीन कसणाऱ्याच्या नावावर होऊ शकते. न दिसला तर मैदान रिकामं करून सरकार त्याचं काय करायचं ते करील. आता ताबा दाखवायचा कसा? तुम्ही सरकारी जमीन बळकावली आहे, अशा ज्या नोटिसा सरकारनं वेळोवेळी पाठवल्या, त्याच काय त्या वस्तीच्या बाजूचा पुरावा. ज्या कागदानं चोर ठरवलं तोच पेटीत जपून ठेवायचा, असा हा न्याय. आणि पेटीतल्या जुन्या नोटिसा वाळवीनं खाल्लेल्या. वाचता येईल अशी सगळ्यात जुनी निघाली ती चौऱ्याण्णवची.

वस्तीच्या समितीचा अध्यक्ष नानासाहेब साळवे डोक्याला हात लावून बसला. मग तरुण मंडळींनी ठरवलं, कागद नसेल तर नसेल, डोळ्यांना तरी दिसू दे. जुनी बल्ली काढून चाळीस फुटी स्टीलचा खांब उभा करायचा. अतुल मुकुंदवाडीला वेल्डिंगच्या दुकानात कामाला होता. पंधरा दिवस, काम सुटल्यावर थांबून, त्यानं स्वतःच्या हातानं खांब जोडला. एवढ्या उंच खांबाला पाया आठ फूट खोल लागणार होता. जेसीबी दहा तारखेला येणार होता.

लीलाबाईला हे तीन दिवस आधी कळलं.

"पट्टीच्या कडंला लावा की," ती लेकाला म्हणाली. "तिथं काँक्रीट हाय, मजबूत ऱ्हाईल."

"काय बोलती माय? झेंडा ऐंशीपासून हितंच हाय. जागा बदलली तर मोजणीवाल्याला काय सांगायचं?"

सांगावं तर समिती, पोलीस, मग लष्कराची गाडी. मोजणीच्या तोंडावर एकोणीस घरं उठणार आणि मोजायला येणाऱ्यांना मैदान रिकामं दिसणार. न सांगावं तर जेसीबीचा दात. तीन दिवस तिच्या घशाखाली घास उतरला नाही. विशाखाला वाटलं पित्त झालंय. तिनं कोकम करून दिलं.

दहा तारखेला सकाळी नऊला जेसीबी आला. लीलाबाई चौथऱ्यावर मांडी घालून बसली होती.

आधी सगळ्यांना गंमत वाटली. मग अतुलनं हाताला धरून उठवायला बघितलं, ती उठेना. ड्रायव्हर मशीन बंद करून खाली उतरला. माणसं जमली. नानासाहेब पुढं आला. तो तसा वाईट माणूस नव्हता, पण मोजणीच्या काळजीनं त्याचं डोकं ठिकाणावर नव्हतं.

"लीलाबाई, खरं सांगा. गावातल्या कुणी काय शिकवून तर पाठवलं नाय ना?"

जिनं आयुष्य या चौथऱ्याच्या राखणीत घातलं, तिला हे ऐकावं लागलं. अतुलची मान खाली गेली. "माय, ऊठ," तो हळू म्हणाला. "लोकांत शोभा करू नको माझी." त्याच्या आवाजातली लाज तिला सहन झाली नाही आणि तोंडाला आलं ते ती बोलून गेली.

"तुझ्या बापाची राख हाय रं हितं. त्यानंच सांगितलं व्हतं, झेंड्याखाली ठेव म्हणून. मी ठेवली. कुणाला बोलले नाय."

नानासाहेबानं टोपी काढली. कडुबा पंचाहत्तरीला आला होता, तो नेहमीसारखा चौथऱ्याशेजारी बसला होता. त्यानं बिडी विझवली. आयुष्यात पहिल्यांदा लीलाबाई इतकं मोठं खोटं बोलली होती, आणि ते लागू पडलं. नानासाहेबानं जेसीबीला हात करून माघारी पाठवलं. मशीन पट्टीवरून धडधडत निघून गेलं तेव्हा तिनं तीन दिवसांत पहिल्यांदा भरून श्वास घेतला. वाचलो, असं तिला वाटलं.

ते सुख चार मिनिटं टिकलं असेल. अतुल घराकडं गेला आणि पहार घेऊन आला. त्यानं चपला बाजूला काढून ठेवल्या.

"मशीन नकोच. बापाला मशीनचा दात लागू द्यायचा नाय. मी माझ्या हातानं काढतो, आन् नव्या पायात मानानं ठेवतो. विशाखा, कोरं कापड आण. तांब्या आण पितळंचा, घासून."

लीलाबाई चौथऱ्यावरून उठून उभी राहिली. काय करून बसलो आपण! मशीनवर परका ड्रायव्हर होता, तो भिऊन पळाला तरी असता. आता तिचा एकुलता एक लेक अनवाणी पायांनी, डोळ्यांत पाणी आणून, पहार घेऊन उभा होता. आणि त्याला तिथं तिच्याच शब्दानं आणलं होतं.

"असू दे रं," ती म्हणाली. "ज्याला झोपवलं त्याला उठवू नये."

"आठ फुटाचा पाया कुठंतरी तर घ्यायचाच हाय ना माय?"

वंदना म्हटली गेली. बल्ली सोडवून, झेंडा उतरवून विशाखाच्या हातात दिला. अतुलनं चौथऱ्याचे तुकडे एकेक करून बाजूला ठेवले. मग मुरूम. पहार वर जायची आणि खाली यायची, आणि लीलाबाई एकेक घाव मोजत होती. हातभर खड्डा झाला.

"बास कर. नाय लागली तर वाहून गेली असंल राख. पावसाचं पाणी मुरलं, काय ऱ्हातंय."

"मडक्यात ठेवली व्हती का फडक्यात?"

"फडक्यात," ती म्हणाली. खोट्याला खोटं जोडत जावं लागतं आणि प्रत्येक जोडीला खड्डा खोल होत होता. दोन हात झाले. अतुल आत उतरला. आता त्याची फक्त पाठ दिसत होती, घामानं भिजलेली. सांडूची पाठ तशीच दिसली होती, याच खड्ड्यात. आता सांगितलं तर एकोणीस घरं जातील. पुढचा घाव चुकेल, असं ती मनाशी म्हणाली. त्याच्या पुढचाही चुकेल. गंजून मातीच झाली असेल त्याची.

पहार टण्‌कन वाजली.

"अतुल! पहार हलवू नको! खाली बॉम हाय! बॉम हाय रं!"

तिचा हा आवाज वस्तीनं कधी ऐकला नव्हता. क्षणभर कुणाला काही उमगलं नाही. मग अतुल खाली वाकून ओरडला, "पंख हायती... माय, पंख हायती ह्याला," आणि माणसं वाट फुटेल तिकडं पळाली. कुणीतरी कडुबाला बखोटीला धरून ओढत नेलं. विशाखा झेंडा छातीशी धरून किंचाळत होती आणि दोन बाया तिला मागं खेचत होत्या.

अतुल खड्ड्यात तसाच उभा होता. पहार अर्धी उचललेली, ती टेकवायचीही भीती आणि धरून ठेवायचीही. लीलाबाई काठाशी गेली आणि पोटावर आडवी झाली. तिला भीती वाटत नव्हती असं म्हटलं तर ते आणखी एक खोटं होईल. तिला इतकी भीती वाटत होती की कानांत नुसतं घुमत होतं आणि लेकाचे ओठ हलताना दिसत होते, पण शब्द ऐकू येत नव्हते.

"पहार माझ्याकडं दे. हळू. आडवी दे."

तिनं पहार घेतली आणि मागं गवतावर ठेवली.

"आता माझा हात धर. खाली बघू नको. माझ्याकडं बघ."

चाळीशी ओलांडलेला गडी त्या वाळक्या हाताला धरून वर आला. कसा आला ते दोघांनाही सांगता येणार नाही. दोघं पट्टीपर्यंत पळाली आणि तिथं काँक्रीटवर बसली. तिनं सगळं सांगितलं. लोक अर्धं वर्तुळ करून ऐकत होते. अतुल तिच्याकडं बघत नव्हता.

कडुबा पुढं आला. लीलाबाईनं डोळे मिटून घेतले. ज्याचा भाऊ असल्याच लोखंडानं नेला, तो आता काय म्हणेल?

"सांडूला ठावं व्हतं?"

"व्हय, कडुबाभाऊ."

"आन् मी पंचेचाळीस सालं त्याला खेटून बिडी ओढीत बसलो." म्हातारा तिच्या शेजारी काँक्रीटवर बसला. "तूच तेवढी हटकायची. मी मनात म्हणायचो, ही बाई लई खाष्ट हाय."

तेवढ्यात नानासाहेबानं आवाज खाली आणून सुचवलं, "सहा दिसांवर मोजणी हाय. आत्ता पोलीस आले तर वस्ती उठली समजा. वरून माती लोटू. मोजणी झाली की बघू." आणि चार डोकी हललीसुद्धा. बोलणाऱ्याला दोष देऊ नये. उत्तरेच्या नऊ घरांचं काय झालं ते प्रत्येकाला पाठ होतं. लीलाबाईलाही ते पाठ होतं. हेच शब्द तिनं एकदा खड्ड्याच्या काठावर बसून ऐकले होते आणि तेव्हा मान हलवली होती.

"नाय," ती म्हणाली. "एक डाव बुजवला. आता माझं पोर त्यात हुभं राहून आलंय. विशाखा, लाव फोन."

पुढचं सगळं भराभर झालं. पोलीस आले, बॉम्बशोधक पथक आलं, पाठोपाठ लष्कराची माणसं आली. वस्ती रिकामी करून सगळ्यांना बोरखडीच्या शाळेत नेलं. पण या खेपेला माणसं शहाणी झाली होती. प्रत्येक घरातला एकेक जण आळीपाळीनं पोलिसांच्या फितीला लागून रस्त्यावर बसून राहिला, रानावरून नजर हलवायची नाही म्हणून. दुसऱ्या दिवशी लष्कराच्या साहेबांनी सांगितलं, बॉम्ब जिवंत आहे, हलवण्यासारखा नाही, जागेवरच उडवावा लागेल. जिवंत हा शब्द लीलाबाईनं साहेबांना पुन्हा एकदा विचारून घेतला. म्हणजे ती वेडी नव्हती. पण म्हणजे पंचेचाळीस जयंत्या, नाचणारी माणसं, चिंचोके फोडणारा अतुल, हे सगळं खरंच त्याच्यावर होतं.

अकराच्या सुमाराला तो आवाज झाला. शाळेचे पत्रे थरारले, फळ्यावरचा खडू खाली पडला. लीलाबाईनं अतुलचा शर्ट दोन्ही मुठींत घट्ट धरला होता. आवाज विरला तरी तिला सोडता येईना. अतुलनं तिच्या मुठी सोडवल्या नाहीत. "माय," तो कालपासून पहिल्यांदा बोलला, "एकटीनं कसं गं काढलंस?" आणि ती जी रडायला लागली ती थांबेचना. नवरा गेला तेव्हाही ती अशी रडली नव्हती.

दुपारी शाळेच्या वर्गातच पंचनामा आणि जबाब झाला. जमादार वयस्कर होता. लहान मुलांच्या बाकावर अंग आखडून बसला होता. त्यानं आधी ऐकून घेतलं, मग पेन हातात धरून म्हणाला, "आजी, हे लांबड नको. काल खोदताना सापडलं, तुम्हाला आधी काही माहीत नव्हतं, असं लिहितो. सगळ्यांच्या सोयीचं होईल."

"हा साहेब, तसंच लिहा," अतुल घाईघाईनं म्हणाला.

लीलाबाईला पोलिसांची भीती होती, कागदाची त्याहून जास्त. सुटायची वाट समोर होती आणि मान हलवली की झालं होतं. पण पेटीतला चौऱ्याण्णवचा कागद तिनंही पाहिला होता, आणि नव्वदच्या आधीचा कागद पाहिजे, हे नानासाहेबाचं बोलणंही तिच्या कानांवरून गेलं होतं.

"नाय साहेब. ऐंशी साल लिहा. आषाढात, बाजारच्या दिशी. माझ्या मालकाला सापडला आन् आम्ही दोघांनी बुजवला. आम्ही तवा हितंच राहत व्हतो, हे बी लिहा."

दारात उभा असलेला नानासाहेब एकदम ताठ झाला. अतुल तिच्याकडं बघतच राहिला.

"बाई, नीट समजून घ्या," जमादार म्हणाला. "स्फोटक वस्तू इतकी वर्षं लपवली, असा याचा अर्थ होतो. नवऱ्याच्या नावाला डाग लागेल. तुमच्यावर गुन्हा दाखल होऊ शकतो. या कागदानं जमीन मिळेल की नाही, ते मी सांगू शकत नाही. तुम्ही आत जाऊ शकता, एवढं सांगू शकतो."

जेल तिनं कधी पाहिली नव्हती आणि सांडू तर उत्तर द्यायला उरला नव्हता.

"लिहा," ती म्हणाली.

जमादार लिहायला लागला. एक ओळ लिहून थांबला. त्याचं हे विचारायचं काम नव्हतं, पण त्याला राहवलं नाही. "पंचेचाळीस वर्षं त्याच्या शेजारी राहिलात. भीती नाही वाटली?"

"रोज वाटायची की," लीलाबाई म्हणाली. "पर भिऊन जायचं कुठं, साहेब?"

जमादारानं खाली बघून जबाब पुरा केला आणि वाचून दाखवला. सन १९८० पासून आम्ही सदर जागेवर राहून जमीन कसत आहोत, हे वाक्य तिनं त्याला पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग त्यानं शाईचं पॅड पुढं सरकवलं. पहिला अंगठा फिसकटला, तसा तिनं तो पदराला पुसला आणि दुसऱ्यांदा उठवला.